मागच्या सीटवरचे साहेब

जुनी गाडी पाहायला जायचं तर बोलावलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचायचं, हा काकांचा पहिला नियम होता. विकणाऱ्याने दहाला बोलावलं असेल तर आम्ही नऊलाच त्याच्या फाटकाशी उभे. तो बिचारा बनियनवर, अर्धी दाढी झालेली, गोंधळून बाहेर यायचा. हे रामराम वगैरेच्या भानगडीत न पडता थेट गाडीपाशी जायचे आणि इंजिनवर तळहात टेकवायचे, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवतात तसा. इंजिन गार असेल तर पुढचं बोलणं. जरा जरी कोमट लागलं तरी हात झटकून वळायचे. "चाल बाई. यायनं आधीच चालू करून तापवून ठेवली." तापलेली गाडी कोणाच्याही पहिल्या किकला सुरू होते, थंड गाडी सुरू करून पाहिल्याशिवाय तिचं दुखणं कळत नाही, हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं. मी नर्स असल्यामुळे मला ते लगेच पटलं. दवाखान्यात येण्याआधी गोळी घेऊन ताप उतरवून येणारे रोगी मी पुष्कळ पाहिले होते.

ते आमचे घरमालक. नागपुरात सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत ते एकटे, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी आई. वाहनं तपासायच्या आणि लायसन्स द्यायच्या खात्यात ते इन्स्पेक्टर होते आणि मुदतीच्या चार-पाच वर्षं आधीच नोकरी सोडून घरी बसले होते. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नव्हतं. गल्लीतले लोक त्यांना साहेब म्हणत, मी काका म्हणे. दारावर नावाची पाटी होती, पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं कोणी मी पाहिलं नाही, आणि मीही ते इथे लिहीत नाही.

त्यांच्या तऱ्हा गल्लीला पाठ होत्या. रिकाम्या गल्लीत सायकल हातात धरून चालत आले तरी फाटकातून आत वळण्याआधी उजवा हात लांब करून इशारा द्यायचे. सिटी बसमध्ये चढले की आधी ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे निरखून पाहायचे आणि ते लाल दिसले तर भरल्या बसमधून खाली उतरून दुसऱ्या बसची वाट पाहायचे. आणि चांगलं म्हणून कशालाच म्हणायचे नाहीत. आईने वांग्याची भाजी पाठवली तर वाटी परत करताना "ठीक आहे." शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं, पेढे आले, तर "पाहू पुढं." पेढे देणारी बाई दारातच हिरमुसली व्हायची. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तर म्हणे त्यांच्या हाताखाली पहिल्या खेपेला कोणीच पास होत नसे. लायसन्सला आलेली माणसं आज मैदानावर कोण साहेब आहेत ते आधी लांबून पाहून घ्यायची आणि हे दिसले की घरी जायची. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणायचा, यमराज न्यायला आले तर साहेब त्यांच्या रेड्याला आधी आठचा आकडा काढायला लावतील. मीही त्याला हसले आहे. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. ऑगस्टात माझ्या बदलीचा हुकूम आला. कोराडीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून चार-पाच किलोमीटर आत असलेल्या एका गावी उपकेंद्र उघडलं होतं, तिथे दिवाळीनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं. नर्सने गावात मुक्कामाला राहायचं असा नियम. आणि माझ्या आईचं एक अंग दोन वर्षांपूर्वी गेलेलं. तिला उठवणं, बसवणं, न्हाऊमाखू घालणं सगळं माझ्याकडे. दिवसा शेजारच्या वहिनी येऊन बसत, पण रात्री तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई मायाळू होत्या. सकाळी आठला उपकेंद्राचं दार उघडलेलं दिसलं तर मुक्कामाचं मी विचारणार नाही, असं त्या तोंडी म्हणाल्या. आता त्या गावाला पहिली बस साडेदहाला पोचायची. म्हणजे एक तर नोकरी सोडायची, नाहीतर आईला सोडायचं. नोकरी सोडली तर आईचं औषध कुठून आणायचं? मी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी आईला म्हटलं, मी मोटरसायकल घेते.

आईने चांगल्या हाताने पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "साहेबाले विचार."

स्कूटरला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि तिची ती लहान चाकं खडीच्या रस्त्यावर टिकायची नाहीत. मोपेडमध्ये तेवढा दम नव्हता. राहिली जुनी, हलकी मोटरसायकल. मी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा काका ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "गाडी पाहून देतो मी. बाकीचं मले नको सांगू." बाकीचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, बाई माणसाला शिकवायला संकोचत असतील.

दीड महिन्यात आम्ही अकरा गाड्या पाहिल्या. एक त्यांनी नवं सीट-कव्हर पाहून नाकारली. गाडीला फक्त एकच गोष्ट नवी असेल तर तिथे काहीतरी झाकलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. एक नाकारली ती मालक फार बोलतो म्हणून. एकीचं सगळं चोख होतं, पण साखळीवर पूर्ण झाकण नव्हतं. "हिचा पदर अडकला तं काय करू?" त्या मालकाला हे असं विचारून आम्ही निघालो. आणि जी गाडी या सगळ्यातून पार पडे तिची शेवटची परीक्षा असायची. काका ती अलगद जमिनीवर आडवी करायचे आणि मला म्हणायचे, "उचल." मालकांचे चेहरे पाहण्यासारखे व्हायचे. एक म्हातारे गृहस्थ तर काठी घेऊन धावले. जी गाडी चालवणाऱ्याला एकट्याने उचलवत नाही ती त्याची नव्हे, यावर काका ठाम होते. मला चार गाड्या उचलता आल्या नाहीत. आठव्या गाडीनंतर मी चिडून म्हटलं, "काका, तुम्हाले गाडी घ्यायची आहे का नाई? माही तारीख जवळ येऊन राहिली."

"तारीख तुही आहे," ते म्हणाले. "गाडी कोणाची तारीख पाहत नाही."

बारावी गाडी काटोलला मिळाली. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याची होती. त्याने जीप घेतल्यामुळे ही वर्षभर गोदामात पेट्यांच्या आडोशाला उभी. फिकट हिरवी, बारीक बांध्याची, साखळीवर टोकापासून टोकापर्यंत पत्र्याचं झाकण. इंजिन गार. काकांनी किक मारली, दुसरी मारली, तिसरीला ती खोकून सुरू झाली. अर्धा तास त्यांनी फक्त तिचा आवाज ऐकला. मग बंद करून तिला आडवी घातली.

"अरे, अरे, काय करून राहिले जी," व्यापारी गादीवरून उठला.

मी पदर खोचला, हँडल वळवून धरलं, गुडघ्यात वाकले आणि पाठीने रेटत तिला उभी केली. पेट्या भरणाऱ्या बायका काम थांबवून पाहत होत्या, त्यांतली एक म्हणाली, "बापा, बाई तं भल्ली खंबीर आहे वं." व्यवहार तिथेच झाला. मी काकांना म्हटलं, तुम्हीच चालवत घेऊन चला नागपूरला, मी बसने येते.

"मी चालवत नाही."

"काहून? तुम्ही तं साऱ्या जगाले शिकवलं."

"शिकवलं नाही. पास-नापास केलं." एवढंच म्हणून ते व्यापाऱ्याशी बोलायला गेले. गाडी संध्याकाळी संत्र्याच्या ट्रकमध्ये घालून पाठवायचं ठरलं.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. बस गावाबाहेर पडल्यावर त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली, समोरच्या सीटच्या दांड्याकडे पाहत. दहा-अकरा वर्षांपूर्वी ते दुसऱ्या जिल्ह्यात होते. परीक्षेच्या दिवशी रांगेत शेवटी एक खेड्यातला तरुण उभा होता. आठचा आकडा काढताना त्याचा पाय दोनदा जमिनीला टेकला. एकदा टेकला तरी नापास, असा नियम. त्याने हात जोडले. लग्नाला आठ दिवस राहिले होते, गाडी सासऱ्याकडून मिळालेली, परत यायचं तर पुन्हा दोन दिवसांची रोजी बुडणार होती. ऊन उतरलं होतं, काकाही थकले होते. त्यांनी सही केली.

"पैसा नाही घेतला मी," ते म्हणाले. "पैसा घेतला असता तं बरं झालं असतं. चोरी केली म्हणता आलं असतं. मी दया केली."

महिन्याच्या आत एका अपघातातली मोटरसायकल तपासायला त्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं. माणूस मेला की गाडीत काही दोष होता का, हे इन्स्पेक्टरने पाहून लिहून द्यायचं असतं. ब्रेक पाहिले, ठीक. टायर ठीक. हँडल वाकलं होतं, पण ते पडल्यामुळे. मग हवालदाराने मयताच्या खिशातले कागद समोर ठेवले. लायसन्सवर यांची सही होती.

"वाहनात दोष आढळला नाही. असं लिहून दिलं मी. खरंच होतं ते. दोष वाहनात नव्हताच."

मरणाच्या बातम्या सांगायची मला कामामुळे सवय होती, ऐकून घ्यायची नव्हती. त्यानंतर चार वर्षं ते येईल त्याला नापास करत राहिले, आणि एक दिवस वरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा राजीनामा देऊन आले. पास म्हणायला तोंडच उघडत नाही, असं त्यांनी त्या साहेबांना सांगितलं होतं म्हणे. ते बस स्टँडवर उतरल्यावर मला म्हणाले, "म्हणून तुले सांगितलं होतं. गाडी पाहून देतो, बाकीचं नको सांगू."

पण बाकीचंही त्यांनाच करावं लागलं, कारण दुसरं होतं कोण? तलावाजवळच्या मोकळ्या जागेवर रोज सकाळी सहाला आम्ही जायचो. मी पांढरा सलवार-कमीज शिवून घेतला होता. तो घालून पहिल्यांदा निघाले तेव्हा आईने डोळे मिटून घेतले आणि मग एक उघडून पाहिलं. काका मैदानाच्या कडेला छत्री टेकून उभे राहत. हळू, पुरे, पुन्हा, या तीन शब्दांपलीकडे बोलत नसत. मी पडले, खरचटले, क्लच सोडताना गाडी घोड्यासारखी उधळायची ती हळूहळू उधळेनाशी झाली. महिन्याने मी खात्याच्या मैदानावर जाऊन परीक्षा दिली आणि पाय न टेकता आठ काढून लायसन्स घेऊन आले. पेढे घेऊनच काकांसमोर उभी राहिले.

त्यांनी चष्मा लावून लायसन्स दोन्ही बाजूंनी वाचलं. "हे त्यायनं दिलं."

"मंग? त्यायचंच काम आहे ते."

"ठीक आहे," म्हणून त्यांनी ते मला परत केलं. पेढा घेतला नाही.

गाडी त्यांच्या ओसरीत असायची, आणि किल्लीही त्यांच्याच खुंटीला. दिवाळी झाली. रविवारी संध्याकाळी मी किल्ली मागायला गेले. ते म्हणाले, "आणखी पंधरा दिवस थांब. तू वळणावर घाबरते."

तेव्हा माझा संयम सुटला. मी मोठ्याने बोलले, सगळ्या गल्लीने ऐकलं असेल. म्हटलं, उद्या आठ वाजता ते दार उघडलं नाही तर परवा मला नोकरी नाही, आणि मग आईला काय तुमच्या दयेवर ठेवू का? दया हा शब्द तोंडातून गेला आणि मला माझीच लाज वाटली. त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते आत गेले. मी आईजवळ येऊन रडत बसले. आई म्हणाली, "सकाळी उठून जाय. किल्ली नसन तं पायी जाय. पण त्या माणसाले तसं बोलायचं नव्हतं."

सकाळी साडेसहाला मी ओसरीवर गेले तर काका तयार होते. कोट, कानाला मफलर, हातात छत्री आणि डबा. किल्ली गाडीलाच लावलेली. मी गाडी फाटकाबाहेर काढून सुरू केली. ते मागच्या सीटवर बसले.

"हे काय?"

"चाल," ते म्हणाले. "ज्याले आपण जाऊ देतो त्याच्या मांगं एकदा बसून पाहावं लागते. मी तवा नाही बसलो."

तो सगळा प्रवास मला आजही पाठ आहे. सीताबर्डीच्या गर्दीत सायकलवाले मान वळवून पाहत होते. तरुण बाई पुढे आणि मागे कोटातला म्हातारा, हे दृश्य तेव्हाच्या नागपुरात कोणी पाहिलेलं नव्हतं. एका चौकात कोणीतरी शिट्टी मारली. काका मला हात लावत नसत. मागच्या कॅरिअरला धरून बसत आणि बोलतही नसत. मी चुकले की फक्त खोकायचे. वळणावर वेग जास्त झाला, खोकला. ट्रकच्या फार जवळ गेले, खोकला. पहिल्या दिवशी घरी पोचल्यावर मी विचारलं, किती? "अठ्ठावीस," ते म्हणाले. मी अंघोळीच्या पाण्यात मीठ टाकून अंग शेकलं आणि आईला म्हटलं, उद्या हे आले तर मी गाडी तलावात घालीन.

"बसू दे त्याहिले," आई म्हणाली. "तुह्या गाडीले काय त्यायचा भार होऊन राहिला?"

दुसऱ्या दिवशीही ते आले. तिसऱ्याही. दिवसभर उपकेंद्राच्या ओट्यावर बसून राहत. गावातल्या बायकांनी त्यांनाच मोठे डॉक्टर समजून लेकरं दाखवायला आणली. ते लेकरांच्या डोळ्यांत पाहून "बाईले दाखव" म्हणायचे. बसल्या बसल्या त्यांनी बाळं तोलायचा बिघडलेला काटा दुरुस्त केला, दाराची कडी सरळ केली, चार सायकलींचे ब्रेक नीट करून दिले. बाराव्या दिवशी त्यांना खरोखरीची सर्दी झाली. सारखा खोकला येऊ लागला तेव्हा मला चूक कुठली आणि सर्दी कुठली ते कळेना. मग त्यांनी मफलर तोंडाशी घट्ट बांधून घेतला आणि चुकीसाठी छत्रीची मूठ कॅरिअरवर वाजवायला लागले. त्या दिवशी मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. साठी ओलांडलेला माणूस थंडीच्या वाऱ्यात, कोळशाच्या ट्रकांच्या धुरळ्यात रोज चाळीस किलोमीटर माझ्या मागे बसून येत होता, आणि मी त्याला तलावात घालायला निघाले होते. माझा राग मला तेव्हापासून फारसा आवडत नाही.

एकोणिसाव्या दिवशी एकही टक् झाली नाही. घरी उतरल्यावर मी मुद्दाम विचारलं, किती? ते नुसतेच आत गेले.

विसाव्या दिवशी सकाळी ओसरीवर कोणी नव्हतं. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "गुडघा धरला माहा. एकटी जाय."

मी गेले. मागची सीट रिकामी असल्यावर गाडी किती हलकी वाटते, ते मला पहिल्यांदा कळलं. कोराडी ओलांडली, मोठा रस्ता सोडून आतल्या रस्त्याला लागले. तिथल्या एका वळणावर रात्री वीजकेंद्राच्या कुठल्यातरी ट्रकमधून राख सांडली होती. राखेवर चाक गेलं, मी घाबरले, आणि जे कधीही करायचं नाही तेच केलं. पुढचा ब्रेक दाबला. पुढचं मला नीट आठवत नाही. मी आणि गाडी वेगवेगळ्या दिशांना पडलो होतो आणि तोंडात राखेची चव होती. शेताकडे निघालेल्या दोन बायकांनी डोक्यावरच्या टोपल्या खाली ठेवून गाडी उभी केली आणि मला पाणी दिलं. कोपर सोललं होतं, मनगट दुखत होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी मी दार उघडलं, स्वतःच्या कोपराला पट्टी बांधली आणि कामाला लागले. संध्याकाळपर्यंत मी तीच गोष्ट मनात घोळवत होते. सांगायचं नाही. लांब बाहीच्या आत पट्टी दिसत नाही. काकांना कळलं तर ते पुन्हा मागे बसतील, किंवा किल्लीच द्यायचे नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, त्या मयताच्या लायसन्सपाशी ते पुन्हा जाऊन बसतील.

परत येताना शहर सुरू होतं त्या नाक्यावर चहाच्या टपरीच्या बाकावर मला एक कोट दिसला. मी गाडी थांबवली. काकाच होते. गुडघ्याचं काही नव्हतं. टपरीवाला मला म्हणाला, "ताई, तुमचे आहेत का हे बावाजी? सकाळच्या बसनं आले. पाणी बी नाही घेतलं. हर एक मोटरसायकल दिसली का उठून उभे राहून राहिले."

काका उठले होतेच. माझ्याकडे न पाहता ते गाडीकडे पाहत होते. क्लचचा दांडा किंचित वाकला होता, पुढच्या मडगार्डवर राख होती. दहा हजार गाड्या तपासलेला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार होतं? मग ते वळले. माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. मी ठरवलेलं सगळं विसरले.

"काका, आज पडली मी."

"कुठी?"

"आतल्या वळणावर. राख सांडली होती. पुढचा ब्रेक मारला मी. चूक माहीच होती."

"लागलं?"

मी बाही वर केली. त्यांनी पट्टी पाहिली.

"मंग?"

"मंग काय? उठली, गेली. सात बाया तपासल्या, दोन लेकराहिले डोस दिले. आता आली."

ते बाकावर खाली बसले. छत्री हातातून गळून पडली ती त्यांनी उचलली नाही. "पडली," ते म्हणाले, "अन् आली." मग चेहरा दोन्ही हातांत धरून ते रडायला लागले. म्हाताऱ्या पुरुषाचं ते रडणं मोठं अवघड होतं, आवाज न होता खांदे हलत होते. टपरीवाला दुसरीकडे पाहायला लागला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदाच त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी ज्याला जाऊ दिलं होतं तो परत आला नव्हता, आणि तो येणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी त्याची जागा घेऊ शकत नव्हते. मी फक्त आले होते. मला तेव्हा एवढंच वाटत होतं की बरं झालं खोटं बोलले नाही.

गाडीवर बसायला ते तयार झाले नाहीत. "तू हो पुढं. आई वाट पाहून राहिली असन. मी येतो बसनं."

ते किती वाजता आले मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी ओसरीवर गेले तर त्यांचं दार लोटलेलं होतं. किल्ली बाहेर, गाडीच्या सीटवर ठेवलेली. फटीतून पाहिलं तर काका भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले होते, तोंड किंचित उघडं. त्यांच्या घरी राहायला आल्यापासूनच्या चार वर्षांत मी त्यांना उजाडल्यानंतर झोपलेलं पाहिलं नव्हतं. मागच्या आमच्या खोलीतून आई हळूच म्हणाली, "आवाज नको करू. झोपू दे."

मी गाडी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि तिथे जाऊन सुरू केली.